पुढनं जड

"मानेत दुखतंय का काही?" भाचीनं विचारलं आणि मी "नाही" म्हणून मोकळी झाले. ती हातातल्या फॉर्मवर वाकली, लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, हात कुठेय तुझा?" हात मानेमागे होता. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मधला मांसल भाग मी चिमटीत धरून चेपत होते. हात तिथे कधी गेला, मला पत्ता नव्हता. चोरी पकडल्यासारखा मी तो झटकन खाली घेतला. ती हसली नाही. तिनं शून्याच्या आकड्याभोवती गोल केला, कारण समोरचा सांगेल तेच लिहायचं असा तिच्या कामाचा नियम आहे, आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीतरी टिपून ठेवलं.

ती समासातली ओळ घरापर्यंत माझ्या मागे आली.

खोटं बोलण्याचं मला काही कारण नव्हतं. उलट दुखत असेल तर दुखतं म्हणावं, यासाठीच तर तिनं मला बोलावलं होतं. पण मान दुखणं हे माझ्या हिशेबात दुखण्यात जमाच होत नाही. बावीस वर्षं मी दुचाकीवर कामाला जाते. जाताना पाऊण तास, येताना सव्वा तास. इतक्या वर्षांत हेल्मेट वेगळं असं उरलेलं नाही. त्याच्या आत शिरलं की जग एकदम लांब जातं. हॉर्न कापसात गुंडाळल्यासारखे येतात आणि स्वतःचा श्वास तेवढा जवळून ऐकू येतो. पावसाळ्यात आतल्या स्पंजला ओल्या लोकरीसारखा वास येतो. उन्हाळ्यात कपाळावर आडवी लाल रेघ उठते, ती दुपारच्या सुट्टीपर्यंत जात नाही. एक कान रोज दुमडतो, नेमका डावाच. हे सगळं मला न अडखळता सांगता येतं. आणि घरी पोचल्यावर पट्टा टक्‌कन सोडून ते काढलं की डोकं हलकं होऊन वर तरंगल्यासारखं वाटतं, मान आपसूक मागे टेकायला काहीतरी शोधते आणि हात तिथे जातो. हे रोजचं. जे रोजचं आहे त्याला दुखणं म्हणायचं, तर संध्याकाळ होण्यालाही आजार म्हणावं लागेल.

मागच्या वर्षी तिनं विद्यापीठाची एक जाहिरात घरात सगळ्यांना दाखवली होती. संशोधन सहायकाचं एक पद, मुदत तीन वर्षं, विषय: हेल्मेटच्या वापरामुळे मानेवर येणारा ताण. पात्रतेच्या रकान्यात जैवयांत्रिकी, स्नायूंच्या विद्युतसंकेतांचं विश्लेषण असं बरंच काही. आम्ही हसलो. तिचे वडील म्हणाले, मान दुखली तर बाम लावायचा, त्यात तीन वर्षं काय बघणार? मीही माझी भर घातली. तिसऱ्या वर्षी निष्कर्ष निघेल की हेल्मेट जड असतं, असं काहीतरी म्हटलं, आणि ते मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं. बाबा, म्हणजे तिचे आजोबा, खिडकीपाशी बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठलं हेल्मेट?" भाची म्हणाली, सगळीच. त्यावर त्यांनी त्यांच्या पद्धतीनं मान एकदा झटक्यात खाली आणली, म्हणजे 'ठीक', आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. त्या झटक्याचं पुढे सांगते. पद तिला मिळालं, एवढं इथे पुरे.

प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी चकचकीत असेल अशी माझी समजूत. होती एक लांबोडकी खोली, खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेला, मधोमध एक खुर्ची आणि समोर पडदा. तिनं माझे केस वर बांधले आणि मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवला. अंगावर सर्रकन काटा आला. मग खरखरीत कागदानं कातडी हलकेच घासली, कारण वरचा मेलेला थर राहिला तर संकेत नीट येत नाहीत. मग दोन-दोन चकत्यांच्या जोड्या चिकटवल्या, गार जेल लावलेल्या. खांद्यावरून मानेकडे चढणाऱ्या ट्रॅपेझियसवर एक जोडी, कवटीच्या खाली स्प्लेनियसवर एक, आणि कानामागून तिरपी उतरत गळ्याखालच्या हाडाला भेटणारी जी दोरी आपण मान वळवली की आरशात दिसते, तिच्यावर एक. त्या दोरीचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. एवढ्या लांब नावाचं कुणीतरी जन्मभर आपल्या गळ्याशी राहतं आणि आपली साधी तोंडओळख नसते. आधी डोक्याला पट्टा बांधून, तो पट्टा बल मोजणाऱ्या यंत्राला जोडून "जीव खाऊन मागे रेट" असं तिनं सांगितलं. तो माझा शंभर टक्के. पुढचं सगळं त्याच्या तुलनेत मोजायचं. मग हेल्मेट चढवलं, त्याच्या पुढच्या अंगाला छोटी वजनं चिकटवली, आणि पडद्यावर जिथे ठिपका उमटेल तिथे बघत राहायला बसवलं. चाळीस मिनिटं. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न, शून्य ते दहामध्ये उत्तर. मी चारही वेळा शून्य म्हणाले. हात मागे गेला तो चौथ्या वेळी, हेल्मेट उतरवल्यावर.

नंतर तिनं मला आलेख दाखवला. मान थकत गेली असेल तर रेघ वर चढत जाईल, असं मला वाटलं होतं. एक रेघ चढत होतीही. पण ती जिच्याकडे बोट दाखवत होती ती रेघ खाली उतरत होती. स्नायू काम करतो तेव्हा त्याच्या तंतूंमधून विजेच्या बारीक लहरी धावतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एक गलबला कातडीवरून ऐकता येतो. तंतू थकले की त्यांच्यातून लहर धावायचा वेग मंदावतो, आणि त्या गलबल्यातली वारंवारता खाली सरकते. त्याच वेळी तेवढंच ओझं धरून ठेवायला स्नायू आणखी तंतू कामाला लावतो, म्हणून आवाज मोठाही होतो. मोठा आणि जाड. ती 'मध्यक वारंवारता घसरते' असं म्हणाली. खर्जात जाते, हे माझं. पण ते तिलाही आवडलं असावं, कारण नंतर दुसऱ्या एका मुलीला समजावताना तिनं तोच शब्द वापरलेला मी ऐकला.

माझी मान तेराव्या मिनिटापासून खर्जात बोलत होती. चाळिसाव्या मिनिटाला मी शून्य सांगितलं.

त्या रात्री मी बराच वेळ आरशासमोर उभी राहून डोकं पुढे-मागे करून बघितलं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, हे कुठेतरी वाचलेलं असतं. पण ते कसं ठेवलंय, हे कधी मनात आलं नव्हतं. मानेत सात मणके. सगळ्यांत वरच्याला ॲटलस म्हणतात, आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या त्या राक्षसाच्या नावावरून. त्याच्यावर कवटी टेकलेली असते, पण मधोमध नाही. डोक्याचा गुरुत्वमध्य त्या सांध्याच्या थोडा पुढे पडतो. म्हणजे डोकं सरळ ठेवलंय असं आपण म्हणतो तेव्हाही ते पुढे कलंडतच असतं, आणि मानेमागचे स्नायू त्याला लगाम खेचल्यासारखे धरून असतात. बसल्या बसल्या डुलकी लागली की हनुवटी छातीवर येते, ती यामुळेच. लगाम धरणाऱ्याला झोप लागलेली असते. माणूस जागा असेपर्यंत त्या स्नायूंना सुट्टी नाही, आणि त्यांच्या कामाची तक्रार वर पोचायची सोयही फारशी नाही.

यावर भाचीचं पालुपद असं की, वजन किती ते विचारू नकोस, कुठे आहे ते विचार. हेल्मेटच्या कपाळावर, सांध्यापासून बारा सेंटिमीटर पुढे, समजा १५० ग्रॅमचा दिवा बसवला. मान त्यानं जेवढी पुढे ओढली जाईल, तेवढीच ओढ तीन सेंटिमीटरवर यायला ६०० ग्रॅम लागतील. गुणाकार दोन्हीकडे सारखाच. म्हणून दुकानात हातात घेऊन "अरे, हे हलकं आहे" असं आपण म्हणतो त्याला काही अर्थ नसतो; हाताला मान नसते. गाडी वेगात असली की यात वारा मिसळतो, तो कधी हेल्मेट मागे रेटतो, कधी हनुवटीखालून उचलू बघतो. मी तिला फुशारकीनं सांगितलं की मलाही एक आकडा माहीत आहे: फोनकडे ६० अंश वाकून बघितलं की मानेवर २७ किलो भार येतो. ती म्हणाली, तो २०१४ सालच्या एका लेखातला आहे, आणि तो संगणकावरच्या प्रारूपातून काढलेला आहे; त्यासाठी कुठल्याही जिवंत मानेला चकत्या लावलेल्या नव्हत्या. मग तो चूक का? "चूक-बरोबर नंतर. आधी मोजू दे." हे तिचं दुसरं पालुपद. गंमत अशी की डोईजड हा शब्द आपण माणसांना लावतो. सून, नोकर, मित्र, कुणीही डोईजड होऊ शकतं. खरोखर डोईला जड असलेल्या वस्तूला मात्र मी तो शब्द लावलेला कधी ऐकला नाही. मान मोडून काम करणं, मान वर करायला फुरसत नसणं, असले शब्द दिवसभर तोंडात असतात, आणि ते बोलताना मानेची आठवण होत नाही.

तिनं वाचायला दिलेल्या कागदांत एक जुनी हकीकत होती. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले ब्रिटिश सैनिक-लेखक, मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. डोक्याला मार लागला होता. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी, कारण पुढे दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यातले निरोपे मोटरसायकलवरून पडून मरतात ते कशानं, याचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. अमेरिकेत १९५६ साली पीट स्नेल नावाचा शर्यतपटू डोक्याच्या दुखापतीनं गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावानं हेल्मेट तपासणारी संस्था निघाली. म्हणजे मुळात हा सगळा कवटीचा आणि मेंदूचा इतिहास. तो तसा असणंच योग्य होतं. जो वाचलाच नाही त्याच्या मानेचा प्रश्न कुठून येणार? पण मग तिनं मला दुचाकीच्या हेल्मेटची चाचणी कशी होते त्याची चित्रफीत दाखवली. धातूचं एक डोकं, त्यावर हेल्मेट, आणि ते डोकं ठरलेल्या वेगानं लोखंडी ऐरणीवर आदळतात. आत बसवलेला संवेदक धक्का मोजतो. युरोपच्या जुन्या नियमात त्याची मर्यादा २७५ जी होती, म्हणजे गुरुत्वाच्या २७५ पट. मी ती चित्रफीत तीन वेळा बघितली, आणि तिसऱ्यांदा कुठे लक्षात आलं की काय खटकतंय.

त्या डोक्याला मान नसते.

मला एक धास्तीही वाटली, ती मी तिच्याजवळ बोलून दाखवली. हेल्मेट नको असणाऱ्यांना निमित्तच हवं असतं. केस गळतात, ऐकू येत नाही, उकडतं, मागून येणारी गाडी दिसत नाही. त्यात उद्या विद्यापीठाचा शिक्का मारलेलं वाक्य मिळालं की हेल्मेटनं मानेला त्रास होतो, तर झालंच. हाताच्या कोपरात हेल्मेट अडकवून गाडी चालवणारे आणखी दोन वाढतील, आणि कोपराला काही ते वाचवत नाही. ती चिडली नाही, पण तिचा आवाज जरा कोरडा झाला. म्हणाली, २००८ साली कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा झाला त्यात ६१ अभ्यास एकत्र तपासले होते. मोटरसायकलस्वारांचा मृत्यूचा धोका हेल्मेटनं ४२ टक्क्यांनी कमी होतो, डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी. मानेच्या दुखापतीबद्दल मात्र ठाम काही म्हणावं एवढा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि ती झाली अपघातातली मान. अपघात न होता रोज सुखरूप घरी येणारी जी मान आहे तिचं काय? "तू काढून कोपरात अडकवत नाहीस, मावशी, कारण तू हट्टी आहेस. जो काढतो तो सगळाच मूर्ख असतो असं नाही. त्याला काहीतरी टोचत असतं." मला ते पूर्ण पटलं असं नाही. काही जण मूर्ख असतातच. पण वाद घालायला माझ्याकडे आकडे नव्हते, फक्त राग होता.

हेल्मेट म्हटलं की माझ्यासमोर माझं हेल्मेट येतं, पण त्या खोलीतल्या फळीवर दहा-बारा जातींची मांडून ठेवलेली होती. पाव किलोच्या आसपासचं सायकलवाल्याचं, बांधकामावरचं, अग्निशामकाचं, आणि एक वैमानिकाचं. लढाऊ विमान वळताना नऊ जीपर्यंत भार येऊ शकतो. म्हणजे डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं तर मानेला ते साडेअठ्ठावन्न किलोचं होतं. अमेरिकेच्या एफ-३५ विमानाच्या हेल्मेटमध्ये सगळी माहिती डोळ्यांसमोरच उमटते, आणि ते दोन किलोच्या वर भरतं. २०१५ साली अमेरिकेच्या हवाई दलानं १३६ पौंडांहून, म्हणजे साधारण ६२ किलोंहून कमी वजनाच्या वैमानिकांना ते विमान उडवायला बंदी केली होती, कारण संकटात आसनासकट बाहेर फेकलं जाताना त्यांच्या मानेला इजा व्हायचा धोका होता. पुढे हेल्मेट हलकं केलं, आसनात सुधारणा केल्या आणि २०१७ मध्ये बंदी उठली. हे सगळं ऐकायला भारी होतं, पण माझं लक्ष खिळलं ते हेलिकॉप्टरवाल्यांपाशी. रात्री दिसावं म्हणून त्यांच्या हेल्मेटला पुढे दुर्बिणीसारखा चष्मा लावतात. तो डोळ्यांच्याही पुढे लोंबतो, सगळा तोल पुढे जातो. मग ते काय करतात, तर हेल्मेटच्या मागच्या बाजूला वजनाची पिशवी चिकटवतात. "म्हणजे जड झालं म्हणून आणखी जड करायचं?" मी विचारलं. ती म्हणाली, हो, एकूण भार वाढतो पण ओढ कमी होते. त्यात फायदा किती आणि तोटा किती, यावरच तर भांडण आहे. मागे किती लावावं, कुठे लावावं... ती पुढे बरंच बोलली. मी ऐकणं सोडून दिलं होतं.

मला शेपटी आठवली होती.

बाबा वेल्डर होते. तीस वर्षं एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. संध्याकाळी त्यांच्या शर्टाला जळक्या फ्लक्सचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा, आणि तो शर्ट उजेडासमोर धरला की ठिणग्यांच्या भोकांतून तारे दिसायचे. पुष्कळ वेल्डर हातात धरायचं शिल्ड वापरतात, पण बाबांचं काम जोडणीचं. उजव्या हातात होल्डर, डाव्या हातानं तुकडा जागेवर दाबून धरलेला. मग शिल्ड डोक्यावरचंच हवं, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना ते तोंडावर पाडायचं कसं? मानेच्या झटक्यानं. वर उचललेलं शिल्ड, जागा नीट बघून घ्यायची, हात स्थिर करायचा, आणि मान झटकन खाली. शिल्ड खाडकन पडतं आणि त्याच क्षणी आर्क, म्हणजे जोडणीची ती विजेची डोळे दिपवणारी ज्योत, पेटतो. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर रात्री डोळ्यांत वाळू. लांबलचक शिवण असली तर एका झटक्यात बराच वेळ निभतो, पण टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके, मारायचे असले की एक ठिपका, वर, बघ, खाली, एक ठिपका, वर, बघ, खाली. त्यामुळे घरीही 'हो' म्हणताना बाबांची मान तशीच पडायची, एकदाच, झटक्यात, जणू आता सगळ्यांनी डोळे मिटावेत. फोनवर बोलतानाही पडायची. आम्ही भावंडं त्याची नक्कल करायचो आणि आई रागवायची. भाचीनं मागे एकदा हिशेब करायचा प्रयत्न केला होता. दिवसाला तीनशे झटके धरू, बाबा म्हणाले टॅकच्या दिवशी त्याहून जास्त, तरी तीनशेच धरू; वर्षाला तीनशे दिवस, तीस वर्षं. २७ लाख. २७ लाख वेळा त्या माणसानं लोखंडाला 'हो' म्हटलं होतं.

आणि त्या शिल्डला मागे शेपटी होती. रविवारी ते घरी आणायचे, काच पुसायला, आतल्या पट्ट्याचा स्पंज बदलायला. काळपट तपकिरी फायबरचं ते धूड आम्ही आळीपाळीनं डोक्यावर घ्यायचो. आत संपूर्ण अंधार, आणि त्या अंधारात काचेचा चौकोन आणखी काळा. त्यातून दिवा बघितला की फक्त एक हिरवा ठिपका दिसायचा. त्याच्या मागच्या पट्ट्याला तारेत ओवलेलं काहीतरी जड बांधलेलं होतं, वर चिंधी गुंडाळलेली. आम्ही त्याला शेपटी म्हणायचो. ती कशाला, हे विचारायचं कधी सुचलं नाही. बापाच्या वस्तूंना जे असतं ते असतंच. त्याला कारण असेल असं मुलांना वाटत नाही.

पुढच्या रविवारी भाचीला घेऊन मी बाबांकडे गेले. शिल्ड माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं. काच तडकलेली, स्पंजाचा भुगा झालेला, पण शेपटी जागेवर. भाचीनं ते पेटीतून काढलं, नुसतं हातात तोललं आणि माझ्याकडे वळून काही न बोलता भुवया वर केल्या. मग ती बाबांसमोर जमिनीवर बसली आणि तिनं तिचा ठरलेला प्रश्न विचारला, अगदी फॉर्मवर आहे त्याच शब्दांत. "आजोबा, काम करताना मान दुखायची का?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांची मान नेहमीच्या झटक्यानं खाली आली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत राहिलो. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, दुखण्याचं नव्हे, कामाचं. नवीन शिल्ड यायची तेव्हा काच मोठी असायची, वजन सगळं तोंडाकडे. संध्याकाळपर्यंत हनुवटी छातीला चिकटायला बघायची. बाजूचा एक म्हातारा वेल्डर पट्टा करकचून आवळायचा, त्यानं तोल सुटत नसे पण कपाळ ठणकायचं. बाबांनी आवळून बघितलं, सोडून बघितलं. मग एकदा नुसता एक नट मागे बांधून बघितला. आपोआप काळी होणारी काच त्यांनी शेवटी शेवटी बघितली होती, एका पाहुण्या वेल्डरच्या डोक्यावर. स्वीडनच्या एका कंपनीनं ती १९८१ सालीच बाजारात आणली होती, बाबांच्या शेडपर्यंत यायला तिला फार वर्षं लागली. आर्क पेटल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत ती काळी होते, मान हलवावीच लागत नाही. तुम्हाला हवी होती का, भाचीनं विचारलं. बाबांनी विचार केला. "बरी आहे," म्हणाले. "पण मान पडली नाही तर काम सुरू झालंय हे कळायचं कसं?" हे तिनं वहीत लिहून घेतलं. कशासाठी, ते तिलाच माहीत. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

मग तिनं चिंधी सोडली. आत वीस एमएमचे तीन नट, तारेत ओवलेले, घामानं आणि तेलानं काळे पडलेले. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून तिनं ते त्यावर ठेवले. १८८ ग्रॅम. मग मोजपट्टी काढून कानापासून शिल्डची काच किती पुढे येते आणि नट किती मागे, ते मोजलं, वहीत दोन गुणाकार केले, आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली.

"तीनच का, आजोबा?"

"चार लावून बघितले होते. खाली असताना चांगलं वाटायचं, पण शिल्ड वर केलं की सगळं मागं घसरायचं. दोनाला पुढनं ओढायचं." बोटांनी हवेतच त्यांनी ते वर-खाली करून दाखवलं. "मधल्या जागेला यायला एक पावसाळा गेला."

ती लिहीत होती तोवर त्यांनी शिल्ड उचलून मांडीवर घेतलं, आतला पट्टा दोन्ही अंगठ्यांनी चाचपला, आणि डोक्यावर चढवून वर केलं. सत्तरीच्या पुढची ती मान क्षणभर हलली, सावरली. मग त्यांनी ते पुन्हा काढलं आणि काट्यावरच्या नटांकडे हात केला.

"पुढनं जड झालं," म्हणाले. "बांध परत."